उंची वाढवायची पावडर आणि आज्जीचा टीव्ही

ताई, नमस्कार. मी बेळगावातल्या वडगावची, वय ६६. मुलगा उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहे, सून खडेबाजारात कापडाच्या दुकानात जाते. नातू अकरा वर्षांचा, नात सहाची. मे महिन्याची सुट्टी, त्यामुळं दिवसभर दोघं माझ्याजवळ असतात. मला मारामाऱ्या आणि सासू-सुनांची कारस्थानं बघवत नाहीत, म्हणून दुपारी मी टीव्हीवर ते सामान विकायचे कार्यक्रम लावून ठेवते. साड्या, भांडी, पोछा, भाजी चिरायचं यंत्र. नात तर पातेल्याचं झाकण हातात धरून, "फक्त दहा मिनिटं बाकी, लगेच फोन उचला!" असं ओरडत घरभर फिरते. आम्ही हसतो. सून मात्र चिडते. "आई, हे पोरांनी बघायचं नाही, बंद करा," म्हणते. मी म्हणते, यात वंगाळ काय आहे? अंगभर कपडे घातलेली माणसं, एक शिवी नाही, रक्त नाही. पोरं बघालेत तर बघूंदेत की.

पण एक गोष्ट सुनेला सांगितलेली नाही. नातवानं माझ्या मोबाईलवरून फोन लावून उंची वाढवायची पावडर मागवली. खो-खोच्या संघात तो सगळ्यात बुटका आहे. पार्सल दारात आलं तेव्हा मला कळलं. पोराचा चेहरा बघून मी पेन्शनमधले २,४९९ रुपये देऊन टाकले. डबा अजून फोडलेला नाही. त्याला ती पावडर द्यावी काय? आणि असले कार्यक्रम मुळात मुलांना चालतील असेच का करत नाहीत? सरकार बघत नाही काय?

— एक आज्जी, वडगाव

आज्जी,

पावडर देऊ नका. बाकीचं सगळं नंतर.

उंची ठरते ती बरीचशी आईबापांकडून आलेल्या अंगकाठीवर, आणि मग खाणं, झोप आणि तब्येत यांवर. लांब हाडांच्या टोकांशी वाढीच्या पट्ट्या असतात. वयात येण्याचा काळ संपत आला की त्या बंद होतात आणि उंची थांबते. मुलग्यांची झपाट्यानं वाढ होते ती साधारण बारा ते पंधराच्या दरम्यान, कुणाची आधी, कुणाची उशिरा. तुमचा नातू अकराचा. त्याची ती वेळ अजून आलेलीच नसावी. चमच्यानं दुधात घालायची कुठलीही पावडर हाडाला ताणू शकत नाही. तरी शंका असेल तर लहान मुलांच्या डॉक्टरांकडं एकदा न्या. ते वजन-उंची मोजून वाढीच्या तक्त्यावर ठिपका मांडतात, आणि गेल्या वर्षाचा आकडा शाळेत नोंदलेला असेल तर तो बरोबर न्या. एका ठिपक्यापेक्षा दोन ठिपक्यांतून जास्त कळतं. डब्यावर ‘आयुर्वेदिक’ लिहिलेलं असलं तरी निर्धास्त होऊ नका. आत काय आणि किती आहे हे तुम्हाला-मला कळायला मार्ग नाही, आणि तो वाढत्या अंगाचा पोर आहे.

औषधानं उंची वाढते अशी जाहिरात करायला आपल्या देशात बंदी आहे, तीही आजकालची नाही. औषधं आणि जादूचे उपचार यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ चा आहे. ज्या गोष्टींवर औषध असल्याची जाहिरात करायची नाही, त्यांची एक यादी त्या कायद्याला जोडलेली आहे. तीत मधुमेह आहे, लठ्ठपणा आहे, आणि माणसाची उंचीही आहे. औषधांच्या नियमांना जोडलेल्या दुसऱ्या एका यादीत तर मुलांची उंची वाढवणं आणि स्मरणशक्ती वाढवणं हे दोन्ही आहेत. मग विकणारे काय करतात? ‘औषध’ म्हणत नाहीत, ‘पूरक आहार’ म्हणतात. पडद्यावर मात्र एक बुटका मुलगा उभा करतात, तीन महिन्यांनंतर म्हणून त्याच्याच जागी एक उंच मुलगा उभा करतात, आणि पुढचं बोलायचं काम बघणाऱ्याच्या मनावर सोडतात.

आता तुमचं आणि सुनेचं भांडण. तुम्ही म्हणता वंगाळ काही नाही, ते खरं आहे. सून म्हणते पोरांनी बघायचं नाही, तेही खरं आहे. दोघींना आपापलं खरं वाटतंय, कारण तुम्ही पडद्यावर काय दिसतंय ते बघताय आणि ती पडदा पोरांकडून काय करवून घेतोय ते बघतेय. मला निवडायला लावलंत तर मी सुनेच्या बाजूनं. शिवी ऐकली की पोराला निदान कळतं की ही शिवी आहे, घरात बोलायची नाही. विकणाऱ्या बाईच्या गोड बोलण्याबद्दल त्याला असलं काहीच कुणी सांगितलेलं नसतं.

नात सहाची आहे. या वयाच्या मुलांना समोरचा माणूस आपल्याला काहीतरी विकू पाहतोय, म्हणून चांगलं तेवढंच सांगतोय, हे उमगत नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या मोठ्या संघटनेनं २००४ मध्ये या विषयावर अहवाल काढला होता. साधारण आठ वर्षांपर्यंत मूल जाहिरातीकडं पारखून बघू शकत नाही, सांगितलेलं खरं धरून चालतं, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणून नात ती घाई खेळात आणते. तिच्या दृष्टीनं ते गाणं आहे, गोष्ट आहे. तिच्या ओरडण्यानं काही बिघडलेलं नाही, हसा खुशाल.

नातवाचं तसं नाही. अकराव्या वर्षी त्याला चांगलं कळतं की हे विकायला बसलेत. तरी त्यानं फोन लावला, कारण ते जे विकत होते ते नेमकं त्याच्या दुखऱ्या जागेवर होतं. उद्या पोछ्याची जाहिरात त्यानं शंभर वेळा बघितली तरी तो पोछा मागवणार नाही. आणि हे कार्यक्रम बघा, पोछा आणि कढई यांच्या मध्ये ते काय घालतात: उंची, गोरेपणा, पोट, टक्कल, परीक्षेतले मार्क, दृष्ट. माणसाला आपल्या अंगाबद्दल आणि नशिबाबद्दल जी लाज किंवा भीती वाटते, तिच्यावर बेतलेला माल. साड्यांच्या शेजारी बसवला की तोही साडीसारखाच साधा दिसतो. तुमचा विश्वास साड्यांवर बसला होता, पोरानं तो पावडरीला लावला.

तुम्ही पोरांना घेऊन गणपत गल्लीत जातच असाल. तिथं पोरं काय बघतात? बांगडीवाला दोनशे सांगतो, तुम्ही ऐंशी म्हणता, तो कपाळाला हात लावतो, तुम्ही चार पावलं पुढं जाता, तो हाक मारतो. कधी तुम्ही तरीही घेत नाही आणि वाट धरता. बाजार म्हणजे नाही म्हणायची जागा, हे पोराला कुणी न शिकवता कळतं. टीव्हीवरच्या बाजारात नाही म्हणणारं कुणीच नसतं. भाव कमी होतो तो आपोआप, ९,९९९ वर लाल काट मारून, आणि त्याबद्दल सगळे टाळ्या वाजवतात. माल हातात घेऊन उलटून बघणारी एक तरी आज्जी त्या कार्यक्रमात कधी दिसली काय? मला नाही दिसली. तुमच्यासारखी एकजण बसवली तर कार्यक्रम पाच मिनिटांत आटोपेल.

तुमचा शेवटचा प्रश्न मात्र मला उलटा वाटतो. हे कार्यक्रम मुलांना चालतील असे करा, असं आपण मागायचंच नाही. असे केले तर काय होईल, विचार करा. पावडरीच्या डब्यावर कार्टूनमधला हत्ती येईल, बाईच्या जागी दादा येईल, गाणं येईल. मुलांसाठी गोड केलेली विक्री ही साध्या विक्रीपेक्षा वाईट. स्वीडननं १९९१ पासून बारा वर्षांखालच्या मुलांना उद्देशून टीव्हीवर जाहिरात करायलाच मनाई केली आहे, कॅनडातल्या क्वेबेक प्रांतानं १९८० पासून तेरा वर्षांखालच्यांसाठी. जाहिराती मुलांजोग्या करा असं त्यांनी सांगितलं नाही, मुलांना गिऱ्हाईक धरू नका एवढंच सांगितलं.

आपल्याकडं नियम नाहीत असं नाही. केबल टीव्हीचे नियम १९९४ चे, कायदा १९९५ चा. जास्तीत जास्त मुलं टीव्हीपुढं असतात त्या वेळी मुलांना अयोग्य कार्यक्रम दाखवायचे नाहीत, असं त्यात आहे. जाहिरात ही कार्यक्रमापासून स्पष्ट वेगळी ओळखू आली पाहिजे, असं आहे. तासाला बारा मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती नकोत, असंही आहे, आणि त्या बारा मिनिटांवरून वाहिन्यांनी कोर्टाची पायरी चढून झाली आहे. मालात चमत्कारी किंवा दैवी गुण आहेत असं भासवायचं नाही, हेसुद्धा लिहिलेलं आहे. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. मुलांना "घ्या" किंवा "आईबाबांना घ्यायला लावा" असं थेट सांगायचं नाही, त्यांच्या अजाणतेपणाचा फायदा उठवायचा नाही, वरून आणखी खर्च लागणार असताना "फक्त" म्हणून किंमत लहान दाखवायची नाही, असं त्यात मुलांसाठीच्या जाहिरातींबद्दल म्हटलंय. तुमच्या नातीचा आवडता शब्दच तो!

मग अडतं कुठं? हे सगळं ‘कार्यक्रम’ आणि ‘जाहिरात’ अशा ज्या दोन खणांत ठेवलंय, त्यांच्या मधल्या फटीत तुमचा दुपारचा कार्यक्रम बसतो. अर्धा तास सलग विक्री चालते, पण तिचं नाव ‘कार्यक्रम’, म्हणून बारा मिनिटांचा हिशेब तिला कुणी लावत नाही. आणि मुलांचे नियम मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींना आहेत. ही विक्री तर तुम्हाला उद्देशून आहे, पोरं नुसती तुमच्या शेजारी बसलेली आहेत. सुट्टीतल्या दुपारी घराघरांत आज्जीच्या मांडीवर पोरं असतात, हे वाहिनीवरची वेळ विकत घेणाऱ्या कंपनीला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

मागायचं असेल तर हे मागावं: कार्यक्रम चालू असेपर्यंत पडद्याच्या कोपऱ्यात ‘ही जाहिरात आहे’ असं ठळक मराठीत राहिलं पाहिजे, सुरुवातीला दोन सेकंद मुंगीएवढ्या इंग्रजीत नव्हे. अंगाबद्दलचा आणि नशिबाबद्दलचा माल पोरांच्या वेळेत नको. कढया विका, काय विकायच्या त्या. वाहिनीकडं लेखी तक्रार करता येते. २०२१ च्या नियमांनुसार तिनं पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं असतं, नाही दिलं तर वाहिन्यांच्या स्वनियंत्रण संस्थेकडं आणि शेवटी केंद्राकडं. केबलच्या कायद्यात जिल्हाधिकाऱ्यांनाही अधिकार आहेत. अर्ज कुठल्या भाषेत लिहायचा हा आपल्याकडचा जुना विषय, तो इथं उघडत नाही.

सीमेवरच्या आपल्या माणसांची आणखी एक गंमत आहे. आपण बघतो त्या मराठी वाहिन्या मुंबईच्या, आणि आपण राहतो कर्नाटकात. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं टीव्हीवर हनुमान चालिसा यंत्रासारख्या वस्तू चमत्काराच्या नावानं विकणं हे महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदा ठरवलं. तो २०१३ चा कायदा महाराष्ट्रापुरता. आपल्याकडं कर्नाटकाचा २०१७ चा वेगळा कायदा आहे, त्यातल्या गोष्टींची यादीही वेगळी. प्रक्षेपण सीमेवरच्या शिनोळीच्या नाक्यावर थांबत नाही, कायदा थांबतो. म्हणून इथं केंद्राचे कायदे धरून बोलावं लागतं, आणि पावडरीच्या बाबतीत ते पुरेसे आहेत. १९५४ च्या त्या कायद्यात तर तावीज, मंत्र आणि कवच हे शब्दसुद्धा आलेले आहेत, शरीरावर परिणाम होतो असा दावा असेल तर.

याच सीमेचा एक फायदाही करून घ्या. तुमच्या पोरांना मराठी येतं, शाळेत आणि गल्लीत कानडीही कानावर पडतं. एका दुपारी नातवाला कामाला लावा: एकाच मालाची जाहिरात मराठी वाहिनीवर शोध आणि कानडी वाहिनीवर शोध. बऱ्याचदा माणसं तीच असतात, आवाज तेवढे बदललेले, ओठ एकीकडं आणि शब्द एकीकडं. ‘समाधानी गिऱ्हाईक’ म्हणून जी बाई मराठीत एका गावची असते, ती कानडीत दुसऱ्याच गावची झालेली सापडते काय बघ म्हणावं. सापडली तर पुढं तुम्हाला काही सांगावं लागणार नाही. ज्या पोराला आपण फसलो म्हणून खाली मान घालून बसायची वेळ आलीय, त्याला चोर पकडणाऱ्याच्या खुर्चीत बसवा. टीव्ही बंद करण्यानं हे होत नाही, एवढं सुनेलाही सांगा. नातीला मात्र यातलं काही समजावत बसू नका, तिच्या वेळेत दुसरं काहीतरी लावा.

आता पार्सल. डबा फोडला नाहीत हे फार चांगलं केलंत. डब्याचे चारी बाजूंनी, चिकटवलेल्या पत्त्याचे आणि बिलाचे फोटो मुलाकडून काढून घ्या. पार्सल कुठल्या तारखेला आलं ते लिहून ठेवा. टीव्हीवर ती जाहिरात परत लागली तर मोबाईलवर तेवढा तुकडा टिपून ठेवा, विशेषतः उंचीचा दावा. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, मराठीत बोलता येतं, कानडीतही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात टेलिशॉपिंगनं, म्हणजे टीव्हीवर बघून फोनवरून, घेतलेला माल स्पष्ट शब्दांत धरलेला आहे, त्यामुळं "ही दुकानातली खरेदी नाही" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही त्याच कायद्यात अनुचित प्रथा आहे. मुदत बिलावर लिहिलेली असेल ती, नसेल तर तीस दिवस. म्हणून उगाच दिवस घालवू नका. ऑर्डर अकरा वर्षांच्या मुलानं दिली होती हेही तक्रारीत लिहा. अठराच्या खालच्या मुलाचा करार १८७२ च्या करार कायद्यानं करारच धरला जात नाही. पैसे तुम्ही दिलेत म्हणून ते लोक त्यावर वाद घालतील, पण मुद्दा मांडून ठेवायला काय जातंय.

त्यांनी दाद दिली नाही तर बेळगावात जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनी मुंबईची असो की दिल्लीची, तुम्ही राहता तिथं तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. पण खरं सांगू? २,४९९ रुपयांसाठी तुम्ही या वयात तारखांना खेपा घालाव्यात असं मी म्हणणार नाही. बरोबर यायला कुणी असेल तर जरूर करा. नाहीतर १९१५ वर नोंद, कंपनीला एक लेखी पत्र, आणि पैसे आले तर आले. नोंद मात्र कराच, कारण अशा नोंदी साठल्या की ग्राहक संरक्षण प्राधिकरण जाहिरातीवर हात घालू शकतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या खेपेला दहा लाखांपर्यंत दंड आहे.

पैशांपेक्षा मला दुसरीच काळजी वाटते. तुमचा नंबर आणि पत्ता आता त्या लोकांच्या वहीत आहे. "आज्जी, पहिल्या डब्यानं फरक पडला काय? पूर्ण कोर्स घ्यावा लागतो," असे फोन येतील. त्यानंतर कधीतरी टपालानं एक चकचकीत पाकीट येईल, आत स्क्रॅच कार्ड असेल, खरवडलं की गाडी लागलेली असेल. गाडी सोडवायला आधी टॅक्स भरा म्हणतील. टेलिशॉपिंगवरून माल मागवलेल्यांना गाठून असे पैसे उकळायचा धंदा चालतो, आणि त्यात मूळ कंपनीचं नाव वापरणारे भलतेच कुणीतरी असतात. ओटीपी सांगायचा नाही, पैसे भरायचे नाहीत, पाकीट चुलीत. जाहिरातींचे फोन बंद व्हावेत म्हणून १९०९ वर नोंद करून घ्या. पैसे गेलेच तर त्याच घटकेला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

भाजी चिरायच्या यंत्राबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्रात दोन जागी त्याचं नाव आधी लिहून मग खोडलंय, म्हणून सांगते. पाहिजे असेल तर खडेबाजारात भांड्याच्या दुकानात जाऊन हातात घेऊन बघा, बरोबर एक कांदा न्या आणि चिरून बघू द्या म्हणा.

आणि सुनेला आज सांगा. ती कामावरून आली, चहा झाला, की पोरांसमोर नको, दोघीच असताना. तिला दुसऱ्या कुणाकडून किंवा त्या कोर्सवाल्याच्या फोनवरून कळलं तर भांडण पावडरीचं राहणार नाही, तुम्ही लपवलंत याचं होईल. पैसे तुम्ही पोराचा चेहरा बघून दिलेत हेही तसंच सांगा, ती आई आहे, तिला कळेल. नातवाला वेगळं रागावू नका म्हणावं. त्याच्याशी बोलायचं ते खो-खोबद्दल बोला: बुटका गडी खांबाभोवती किती चटकन वळतो आणि पाठलाग करणाऱ्याला कसा हुकवतो हे त्याच्या सरांना विचारून या, आणि डॉक्टरांकडची खेप शाळा उघडायच्या आत उरकून टाका.